राणी ल्यूच्या वतीने

नलूकाकूंच्या घरी रिकाम्या हातांनी बसायची सोय नव्हती. पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या त्या घरात पाऊल टाकलं की कोट काढायच्या आत मांडीवर परात यायची, आणि परातीत मोड आलेले, कोमट पाण्यात भिजलेले वाल. "सोल. हात चालू दे, तोंड आपोआप चालतं." मी पहिल्यांदा गेले ती नोकरीच्या इंटरव्ह्यूला. चांगला इस्त्रीचा ब्लेझर घालून गेले होते. तासाभराने उठले तेव्हा नखं हिरवट झाली होती, ब्लेझरला वालाची सालं चिकटली होती, आणि नोकरी मिळाली की नाही याचा पत्ता नव्हता. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "सोमवारपासून ये गं. एकही दाणा मोडला नाहीस."

या डॉक्टर नलिनी टिपणीस. आमच्या सर्जरीच्या राजमाता. इकडे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, आत सर्दी, गुडघे आणि सिक नोट. काकू हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या, त्यांचे यजमान मधुकाका जीपी. दोघांनी मिळून एका जुन्या, ओळीत चिकटून उभ्या टेरेस घराच्या पुढच्या खोलीत ही सर्जरी उभी केली. मी आले तेव्हा काका नुकतेच गेले होते, काकू रिटायर झाल्या होत्या आणि सर्जरी त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल चालवत होता. मी ठाण्याची, नवऱ्याच्या आयटीच्या व्हिसावर इथे आलेली. आधी रिसेप्शनवर बसले, मग प्रॅक्टिस मॅनेजर झाले. मॅनेजर म्हणून मला जी खोली मिळाली ती पूर्वी अनघाची होती. अनघा म्हणजे काकांची पुतणी, तीही डॉक्टर. "ती गेली स्कॉटलंडला," एवढंच सगळे सांगायचे. दारावरची पाटी काढलेली, तिची भोकं तेवढी राहिली होती. नवीन ठिकाणी आपण कशाला खोदत बसा, म्हणून मी त्यावर एक कॅलेंडर लावून टाकलं.

काकू रोज अकराच्या सुमाराला यायच्या. निमित्त वेटिंग रूममधल्या कुंड्यांना पाणी घालायचं. कॉटनची साडी, वर निखिलचं जुनं फ्लीसचं जाकीट, पायात ट्रेनर्स, हातात हिरवी झारी. पाणी कुंडीत, लक्ष माणसांवर. सगळं आयुष्य झोपलेल्या माणसांची छाती वरखाली होते की नाही हे बघण्यात गेलेलं, त्यामुळे त्या कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत. खिडकीपाशी येऊन मला हळूच सांगायच्या, "त्या निळ्या जाकीटवाल्याला आधी सोड. बोलता बोलता धापतोय." दहापैकी नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी माणूस ठणठणीत निघाला तर म्हणायच्या, "आज नाही, पुढच्या महिन्यात धापेल." चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आणि तरीही रोज एक गोष्ट मी बघत होते. कुणीतरी म्हातारी पेशंट खिडकीशी यायची आणि विचारायची, "डार्लिंग, ती लेडी डॉक्टर कधी परत येणार? डॉक्टर अनघा?" त्या वेळी काकू जवळपास असल्या की झारी तशीच कलती राहायची. पाणी कुंडीतून बशीत, बशीतून कार्पेटवर. मी ओरडायचे, "अहो काकू, पूर आणला तुम्ही!" त्या दचकून झारी सरळ करायच्या आणि बाहेर पडायच्या. मला वाटायचं, वय झालं.

निखिलबद्दलही त्यांचं असंच विचित्र. तो साधा, सरळ, आवाज न चढवणारा माणूस. जन्म इथला, त्यामुळे मराठी जरा तिरकं, पण आईसाठी हट्टाने बोलणार. दुपारी सर्जरी आटोपून तो त्यांची औषधं, दूध, ब्रेड घेऊन जायचा. कुठलीही आई कौतुकाने सांगेल. काकूंचा मात्र चेहरा उतरायचा. "त्याला सांग, मला काही आणत जाऊ नकोस म्हणावं. मी काय लुळी आहे?" मुलाने चांगलं वागलेलं त्यांना सोसायचं नाही. मी मनात म्हणायचे, काय बाई आहे, माझा मुलगा पुढे एवढं करेल तर मी पेढे वाटेन.

या सगळ्यात चीन कुठून आला ते सांगते. काका गेल्यावर काकू घरात एकट्या कुढतायत म्हणून मीच त्यांना लायब्ररीतल्या दुपारच्या क्लासला ओढून नेलं. जायचं होतं योगाला. योगा फुल. पॉटरी फुल. उरला होता 'प्राचीन चीनची ओळख'. काकू म्हणाल्या, "चल, तिथे निदान वाकायला लावणार नाहीत." शिकवायला मिसेस पार्किन म्हणून एक रिटायर्ड शाळामास्तरीण. काकू धरून सात म्हातारे आणि मी.

तिसऱ्या का चौथ्या वेळी मिसेस पार्किननी हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाची गोष्ट काढली. लिऊ बांग त्याचं नाव. मूळचा गावातला बारका अंमलदार, पुढे लढाया मारून सम्राट झालेला. त्याची बायको ल्यू, गरिबीतल्या दिवसांपासूनची. तिचा मुलगा युवराज. स्वभावाने मऊ. बापाला तो आवडेना. बाप म्हणे, हा माझ्यासारखा नाही. आवडत्या राणीचा मुलगा रूयी, तो माझ्यासारखा. युवराज बदलायचं त्याने जवळजवळ ठरवलंच. दरबारी रडले, भांडले, तो ऐकेना. तेव्हा राणी ल्यूने काय करावं? डोंगरात चार म्हातारे राहत होते, पांढऱ्या दाढ्यांचे, मोठे मानाचे. सम्राटाने कितीदा बोलावलं तरी दरबारात न आलेले. राणीने त्यांना गोड बोलून, नम्र निरोप पाठवून आणवलं. मग एका मेजवानीत सम्राट बघतो तर ते चौघे आपल्या मऊ मुलाच्या मागे उभे! सम्राट म्हणाला, संपलं, याला पंख फुटले, आता याला हलवता यायचं नाही. युवराज युवराजच राहिला.

"क्लेव्हर लेडी, इझन्ट शी?" मिसेस पार्किन हसून म्हणाल्या.

काकूंनी पेन खाली ठेवलं आणि उठून सरळ बाहेर चालायला लागल्या. मला वाटलं बाथरूमला जातायत. पाच मिनिटांनी बघते तर बसस्टॉपवर उभ्या, कोट आतच विसरलेला, थंडीने ओठ निळे. मी कोट अंगावर टाकला. "काय झालं? चक्कर आली का?" तर म्हणाल्या, "चौघेच होते का गं? नक्की चौघे?" मला काही कळेना. मी म्हटलं, "चार असोत नाहीतर चाळीस, तुम्हाला न्युमोनिया झाला तर निखिल माझा जीव घेईल."

त्या दिवसापासून बाईंना राणी ल्यूने झपाटलं. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणायला सुरुवात झाली. वाल सोलायला बसवलेल्या प्रत्येकाला राणी ल्यू ऐकावी लागायची. आणि ऐकवायच्या कशा, तर कोर्टात उभ्या असल्यासारख्या, राणीच्या वतीने. "तिला सगळे दुष्ट म्हणतात. लिहिणारे कोण? पुरुष. हिने शेतात निंदणी केली, नवऱ्यापायी तुरुंग भोगला, शत्रूकडे ओलीस राहिली. आणि नवऱ्याने काय करावं? लढाई हरून पळताना रथ हलका व्हावा म्हणून स्वतःच्या दोन पोरांना ढकलून दिलं रथातून! रथ हाकणाऱ्याने उचलून परत घेतलं म्हणून वाचली. असल्या बापाच्या भरवशावर ती मुलाला सोडणार?" संक्रांतीला वेम्बलीत कुणाकडे हळदीकुंकू होतं, तिथे वाण घ्यायला आलेल्या नव्या पोरींना धरून त्यांनी हे सगळं सांगितलं. एक जण मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "वैशाली, या काकू कुठल्या सीरियलबद्दल बोलतायत? कुठल्या चॅनलवर लागते?"

पण गोष्ट नेहमी त्या चार म्हाताऱ्यांपाशी येऊन थांबायची. मुलगा युवराज राहिला, राणी जिंकली, चला, चहा टाकते. पुढे काय झालं विचारलं तर म्हणायच्या, "पुढचं काही फार महत्त्वाचं नाही."

मला मेलीला कुणी काही लपवलं की चैन पडत नाही. एका शनिवारी मी स्वतः शोधून वाचलं आणि तशीच काकूंकडे गेले. मार्चमधली लख्ख सकाळ होती. परात मांडीवर घेतली आणि थट्टेच्या सुरात म्हटलं, "काय हो काकू, तुमची क्लायंट तर खुनी निघाली! त्या धाकट्या राजपुत्राला विष घातलं की तिने. आणि त्याच्या आईचे हाल केले ते तर वाचवत नाहीत. आणि तुम्ही हळदीकुंकवात तिची वकिली करत फिरताय?"

काकूंच्या हातातला वाल पचकन चुरगळला. त्यांच्या हातून दाणा मोडलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"मुलाला ठाऊक होतं ना," त्या खाली बघून बोलायला लागल्या, "आईच्या मनात काय आहे ते. सम्राट झाला तरी मऊच होता. भाऊ राजधानीत आला तेव्हा हा स्वतः वेशीपर्यंत घ्यायला गेला. बरोबर जेवायचा, बरोबर झोपायचा, एकटं म्हणून सोडायचा नाही. आईला संधीच मिळेना. मग एका थंडीत सकाळी लवकर शिकारीला निघाला. धाकटा लहान, त्याला उठवेना. याला दया आली, म्हणाला झोपू दे. तेवढीच सकाळ. परत आला तेव्हा भाऊ गेलेला होता."

त्यांनी पुढचा वाल उचलला नाही.

"निखिल त्याच्या मुलांना घेऊन वेल्सला गेला होता," काकू म्हणाल्या. "हाफ टर्मची सुट्टी होती शाळांना."

आणि मग सगळं बाहेर आलं. अनघा अकरा वर्षांची असताना तिचे वडील, म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, अलिबागला वारले. आई त्याआधीच गेलेली. काका तिला इथे घेऊन आले. काकूंनी तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, रात्ररात्र परीक्षांना जागल्या. मुलगी हुशार निघाली, आणि काकांसारखी निघाली. तोच आवाज, तोच पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचा ढंग. दोघंही मुलं जीपी झाली, दोघंही सर्जरीत आली. तिच्या दाराबाहेर रांग, निखिलच्या दाराबाहेर खुर्च्या रिकाम्या. काका उघड म्हणायला लागले, सर्जरी अनघाच्या हातात देणार. त्यांच्याकडे गणपतीच्या पूजेला घरचा कर्ता बसायचा. काकांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, यंदा पूजेला अनघा बसेल. सगळ्यांना काय समजायचं ते समजलं.

"मी एक शब्द बोलले नाही," काकू म्हणाल्या. "उलट तिच्यासाठी पैठणी काढून ठेवली. आणि तीन आठवडे गाडी घेऊन फिरले."

चार माणसं. काकांशी मंडळाच्या हॉलच्या वादावरून बोलणं टाकलेले रिटायर्ड सर्जन रानडे. गुरुद्वाऱ्यातले बाबाजी, ज्यांचं सगळं कुटुंब काकांशी बिनसून दुसऱ्या सर्जरीत गेलं होतं. किराणावाले कांतिभाई. आणि अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या वाफ्यात, भाजी लावणारे मिस्टर हॉवर्ड, ज्यांनी काकांना तोंडावर 'बुली' म्हटलं होतं. काकांनी चौघांना परत आणायचा जंग जंग प्रयत्न केला होता, कुणी उंबरा चढायला तयार नव्हतं. काकू प्रत्येकाकडे जाऊन बसल्या, वालाचं बिरडं घेऊन. म्हणाल्या, निखिल तुमची फार आठवण काढतो, त्याच्यासाठी या. गणपतीच्या दिवशी आरतीच्या आधी काका हॉलमध्ये आले तर हे चौघे निखिलच्या भोवती बसलेले, हॉवर्डसाहेब त्याला लीकची भाजी कशी लावायची ते समजावतायत. काका दारातच थांबले. मग म्हणाले, "निखिल, सोवळं नेस. बस पूजेला." अनघा पैठणी नेसून जिन्यात उभी होती.

"मला तेव्हा ही राणी माहीत सुद्धा नव्हती गं," काकू म्हणाल्या. "कुणी शिकवलं नव्हतं. हे माझंच मला सुचलं."

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. काका आजारी पडले, सर्जरी निखिलच्या नावावर झाली, आणि निखिलने पहिली गोष्ट काय करावी, तर म्हणाला, मी आणि अनघा बरोबरीचे पार्टनर. कुठल्याही मीटिंगला तिला शेजारी घेऊन बसायचा. मग ती हाफ टर्म आली. तो वेल्सला गेला आणि काकूंनी अनघाला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "बाळा, निखिलला तू इथे नको आहेस. तुला सांगायची त्याला हिंमत होत नाहीये. तो तुला कधी तोंडाने म्हणणार नाही. तूच समजून घे."

अनघा मानी मुलगी. तिने काही विचारलं नाही. निखिल परत आला तेव्हा तिची खोली रिकामी होती. त्याला वाटलं, ही मला सोडून गेली. तिला वाटत होतं, याने मला घालवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही.

"विष नाही घातलं मी," काकू म्हणाल्या. "पण चार वाक्यांत दोघांची भावंडं मारली."

मला राग आला. भयंकर आला. परात आपटून उठावं असं वाटलं. पण उठले ती त्यांच्यासाठी पाणी आणायला. खरं सांगायचं तर ती बाई मला फार आवडायची, आणि हे सगळं कळल्यावरही आवडायची थांबली नाही. त्याचीच मला लाज वाटायला लागली. सोमवारी सर्जरीत गेले, कॅलेंडर दिसलं, त्याच्यामागची भोकं आठवली. खुर्चीवर बसवेना. दुपारी निखिल चहाचा मग घेऊन डोकावला आणि म्हणाला, "आज अनघाचं बर्थडे आहे. ती गेली, यू नो, विदाउट अ वर्ड. मी काय केलं होतं, मला अजून पण कळला नाही." मी कॉम्प्युटरकडे बघत "हो का?" म्हटलं.

पुढचे कित्येक आठवडे मी काकूंच्या मागे लागले होते, सांगून टाका. त्या म्हणायच्या, सांगते, सांगते. मग एक दिवस उत्साहाने म्हणाल्या, "अगं, स्लाऊच्या मंडळाने व्याख्यानाला बोलावलंय. 'इतिहासातल्या बायका'. मी राणी ल्यूवर बोलणार. दोघांनाही बोलावते. शेवटपर्यंत सांगते या वेळी, शिकारीच्या सकाळीसकट. समजायचं ते समजतील."

माझं डोकंच फिरलं. "काकू, कमाल आहे तुमची! दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या पदराआड किती लपाल? स्टेजवरून कोडी घालणार आणि समोर लोक बटाटेवडे खाणार? सरळ तोंडाने सांगा, नाहीतर मी सांगेन."

"तू सांगणार नाहीस," त्या शांतपणे म्हणाल्या.

"का नाही?"

"तुला माझी दया येते."

खरं होतं ते, म्हणून मी आणखी चिडले आणि दार आपटून निघून आले. पंधरा दिवस ना त्या कुंड्यांना पाणी घालायला आल्या, ना मी फोन केला. मग त्यांचाच फोन. "अनघा कॉन्फरन्सला लंडनला येतेय. तिला रविवारी जेवायला बोलावलंय. निखिलला पण. दोघांना एकमेकांचं सांगितलेलं नाही. तू ये. मी चीनमध्ये पळायला लागले तर मला धर."

त्या रविवारी उन्हाळा होता, दारं-खिडक्या सताड उघड्या. अनघा आली. उंच, बारीक, कानशिलावर पांढरे केस. निखिल किचनमधून पाण्याचा जग घेऊन आला आणि तिला बघून तिथेच उभा राहिला. "हाय," ती म्हणाली. "हाय," तो म्हणाला. एका घरात वाढलेली माणसं, आणि लिफ्टमध्ये भेटल्यासारखी बोलत होती.

कोलंबीची खिचडी, सोलकढी, सगळं मांडलेलं. कुणी घास घेईना. काकू टेबलाच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि घसा साफ करून म्हणाल्या, "चीनमध्ये एक राणी होती..."

"काकू," मी म्हटलं.

त्या थांबल्या. खुर्चीची पाठ घट्ट धरली. "अनघा. निखिलला तू नको होतीस असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. तो कधीच तसं म्हणाला नव्हता. त्याला तर तू बरोबरीने हवी होतीस. मी तुला घालवलं. निखिल, तिने तुला सोडलं नाही. मी तिला जायला लावलं."

बाहेर कुणाच्या तरी बागेत लॉनमोअर चालू होता. अनघाचे डोळे भरले, पण आवाज फुटला तो निखिलकडे बघून. "मग तू एक फोन का नाही केलास? इतक्या वर्षांत एक? मी वाट बघत होते, निखिल. खोटं असेल तर हा फोन करेल, असं म्हणत मी वर्षभर वाट बघितली."

निखिल जग खाली ठेवायचाही विसरला होता. त्याने तो हळूच टेबलावर ठेवला. "करायला फोन हातात घेतला होता. खूप वेळा." तो थांबला. "अनघा, आय विल बी ऑनेस्ट. मला बरं वाटलं होतं. थोडंसं. तू गेलीस आणि... कोणी कंपेअर करायला नव्हतं. म्हणून नाही विचारलं. विचारलं असतं तर तू परत आली असतीस."

"नाही!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकले. "खोटं बोलतोय तो! मला वाचवायला बोलतोय. अनघा, तो तसा नाहीये. तो चांगला आहे. त्याच्यावर नको घेऊस, सगळं माझ्यावर घे. निखिल, सांग तिला, तुला तसं वाटलं नव्हतं म्हणून सांग!"

अनघा त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या नजरेत. थकवा होता. "काकू," ती म्हणाली, "अजूनही?"

आपण काय केलं ते काकूंना तेव्हा कळलं. क्षमा मागायला बोलावलेल्या मुलीसमोर त्या पुन्हा मुलासाठीच लढत होत्या. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

अनघाने पर्स उचलली. दारात निखिलला म्हणाली, "मी तुला फोन करेन. आज नाही." मग परत वळून काकूंपाशी आली, वाकून त्यांच्या डोक्याला गाल टेकवला आणि निघून गेली. काकू रडल्या नाहीत. मला आठवलं, राणी ल्यूबद्दल असं लिहून ठेवलंय की मुलगा वारला तेव्हा ती मोठ्याने आक्रोश करत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. तिच्यानंतर तिचं सगळं माहेर लोकांनी कापून काढलं, तिने जमवलेलं काही उरलं नाही. हे मी काकूंना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी ते माझ्या आधी वाचलेलं असणार.

मी भांडी आवरली. एवढं अन्न, सगळं तसंच डब्यांत भरलं. हे आपण करायला लावलं, असं सारखं मनात येत होतं. दोघांना जे कळलं ते कळायलाच हवं होतं, हे मला पटतं, आजही पटतं. पण त्या दुपारी तीन माणसं तीन दिशांना पांगली होती आणि त्यांना तिथे आणण्यात माझा हात होता.

दोन दिवसांनी मी ठाण्याला गेले, आणि मी तिकडे असतानाच काकू झोपेत गेल्या. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी, गाडीतून. मी चावी लावत होते, काच खाली होती. निखिल पुढच्या पायरीवर बसला होता, कोपरं गुडघ्यांवर टेकून. काकू दारात आल्या. जरा वेळ उभ्या राहिल्या. मग चौकटीला धरून, गुडघा सांभाळत, कशाबशा त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. तो सरकला, त्यांना जागा दिली, पण बघितलं नाही.

"मी हे सगळं तुझ्यासाठी केलं रे," त्या म्हणाल्या.

"आई," निखिल म्हणाला, "मला ती सर्जरी नको होती. डॉक्टर पण नव्हतं व्हायचं. तुला कधी सांगितलं नाही मी."

काकू समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"नव्हतंस सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण माहीत होतं मला."